पाकळ्यांचा मासा

शनिवार, ३० जून १९७९
बॅगशॉ यांचं कॉटेज, स्कार्थवेल, डर्बीशर

मॉरीन,

सोबत एक कागद आहे. आधी तो वाच, मग हे.

कागद कोर्टाचा आहे. त्यावर तू साक्षीदारासमोर सही केलीस की सप्टेंबरात फ्रॅनी कायद्याने माझी आणि नॉर्मनची होईल. सही जिथे करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे. पाच वर्षं ती आमच्याकडे आहेच. रोजच्या जगण्यात काही बदलणार नाही. शाळेच्या फॉर्मवर ‘पालक’ या शब्दाशी मी दर वेळी अडते, ते थांबेल.

उत्तर इथल्या पत्त्यावर पाठव. चौदा तारखेच्या सकाळपर्यंत आम्ही इथे आहोत. लेस्टरचे कारखाने पंधरा दिवसांसाठी बंद झाले आणि निम्मं शहर नेहमीसारखं समुद्रावर गेलं. आम्ही या वर्षी डोंगरात आलो.

कॉटेज लहान आहे. भिंती हातभर जाड. स्वयंपाकघरात मालकिणीने टाइप केलेला कागद लावला आहे. फाटक जसं सापडेल तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. गरम पाणी जपून वापरा. शनिवारी दहाच्या आत खोल्या रिकाम्या करा. फ्रॅनीने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “मावशी, आपण अजून बॅगा उघडल्या नाहीत आणि ही आपल्याला घालवतेय.”

ती मला मावशीच म्हणते. मी तिला कधी दुसरं काही म्हणायला लावलं नाही. एवढं माझ्या बाजूने धर.

तिची तब्येत चांगली आहे. उंच झाली आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही.

एलिनॉर


मंगळवार, ३ जुलै

मॉरीन,

तुझं उत्तर आज येईल असं वाटलं होतं. घाई करत नाही. पण कोर्टाला तारखा असतात.

हे पत्र एवढंच लिहायचं होतं. पण काल-आज एक गोष्ट पाहिली आणि ती सांगायला इथे कोणी नाही. नॉर्मन सकाळपासून ओढ्याकाठी गळ टाकून बसतो. त्याला मासा मिळाला नाही तरी चालतं. त्याच्याशी बोलणारं कोणी मिळालं तर चालत नाही.

काल सकाळी मालकीण, मिसेस बॅगशॉ, दारात आल्या. सत्तरीच्या आहेत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल. मला म्हणाल्या, “लेस्टरच्या बाई, तुमच्या मुलीचे पाय रिकामे आहेत का?”

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं.

“माती तुडवायला माणसं कमी आहेत,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोरी आता केस खराब होतात म्हणतात. पायांनी तुडवायची माती, केस कुठून आले मध्ये?”

इथे दर जुलैत गावातला झरा सजवतात. रंग वापरत नाहीत. दाराएवढ्या चार फळ्या आठवडाभर नदीत भिजवतात, त्यांच्यावर चिकणमाती थापतात आणि त्या मातीत फुलांच्या पाकळ्या खोचून चित्र करतात. पाकळ्या, शेवाळ, बिया, दगडफूल. जमिनीतून किंवा झाडावरून आलेलंच हवं, दुसरं काही चालत नाही. चित्र बायबलमधलं असतं. या वर्षी योना आहे, त्याला गिळणारा मासा आहे आणि समुद्र आहे.

फ्रॅनीने बॅगशॉंच्या कोठारात दोन तास माती तुडवली. मीठ घातलेली, थंडगार माती. गुडघ्यापर्यंत राखाडी झाली होती. मग बायकांनी ती माती फळ्यांवर चढवली, ओल्या हातांनी सपाट केली, वर चित्राचा कागद पसरला आणि सुयांनी रेघारेघांवर भोकं पाडली. तासभर कोणी बोललं नाही. टच टच एवढाच आवाज. मग मिसेस बॅगशॉंनी कागद दोन कोपऱ्यांना धरून उचलला.

मॉरीन, खाली मासा होता. नुसत्या ठिपक्यांचा, बारा फुटी, तोंड उघडं. कोठाराच्या दारातून ऊन तिरपं येत होतं म्हणून प्रत्येक ठिपक्यात थोडी सावली होती. माझ्या अंगावर काटा आला. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि अंगावर काटा शेवटचा कधी आला होता ते आठवत नाही.

“किती दिवस टिकतं हे?” मी विचारलं.

“आठवडा. पाऊस नीट वागला तर.”

“आणि मग?”

“मग माती खरवडायची. फळ्या धुऊन माळ्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा.” भांडी घासण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. “माझ्या आजीनं केलं, तिच्या आजीनं केलं. ठेवून द्यायचं असतं तर दगडात कोरलं असतं, नाही का?”

आज पाकळ्या सुरू झाल्या. फ्रॅनीला डोळा दिला आहे. माशाचा डोळा, नऊ वर्षांच्या मुलीला. मी म्हटलं, मोठ्या कोणाला तरी द्या. मिसेस बॅगशॉ म्हणाल्या, “हात बघून देतो आम्ही, वय बघून नाही.”

मग मी तिचा हात पाहिला. पाकळी मातीत दाबताना तिचा अंगठा मागे वळतो. तुझा वळायचा तसाच, पार मनगटाकडे. लहानपणी तू तो वळवून मला घाबरवायचीस. पाच वर्षं रोज मी त्या हाताला मोजा चढवते, नखं कापते. मला तो आजच दिसला.

मध्येच तिने विचारलं, “मावशी, योना तीन दिवस माशाच्या पोटात होता. त्याला घरचं कोणी शोधत नव्हतं?”

कोठारातल्या बायका हसल्या. एक म्हणाली, “पुरुष आहे तो. तीन दिवस नसला तर घरचे सुटलो म्हणतात.”

मी पण हसले.

एलिनॉर


गुरुवार, ५ जुलै

मॉरीन,

आजही काही नाही. कागद मिळाला नसेल तर तसं कळव.

मी आज एक चूक केली. सांगते, कारण तुला आवडेल. मी चुकलेली तुला नेहमीच आवडायची.

मला समुद्राचा डावा तुकडा दिला होता. फळी टेकणांवर आडवी ठेवलेली असते, बायका दोन्ही बाजूंनी वाकून काम करतात. मी काठावरच्या निळ्या लाटेपासून सुरुवात केली आणि मन लावून काम केलं. तुला माहीत आहे मी कसं काम करते. निळ्या डेल्फिनियमची एकेक पाकळी, एकसारख्या अंतरावर. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत. कंबर मोडली, पण लाट झाली. मी सरळ उभी राहिले आणि कोणी काही म्हणेल म्हणून वाट पाहिली.

मिसेस बॅगशॉ आल्या. बोटाने एक पाकळी हलकीच उचलली.

“हे कोणी लावलं?”

“मी.”

“कुठून कुठे?”

मी दाखवलं. वरून खाली.

त्यांनी बोट काढून घेतलं. मग कोठारभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, “लेस्टरमध्ये घरांवर कौलं वरून खाली घालतात का हो?”

बायका जमा झाल्या. कोणी रागावलं नाही, त्याचाच त्रास झाला. एकीने मला समजावलं. चित्र परवा उभं राहणार. पाकळ्या खालून वर लावायच्या, म्हणजे वरची पाकळी खालचीवर थोडी येते आणि पावसाचं पाणी घरंगळून जातं. मी लावलेल्या प्रत्येक पाकळीचं तोंड वर उघडं होतं. पहिल्याच सरीत पाणी आत शिरलं असतं, माती फुगली असती आणि माझा समुद्र गळून पडला असता. एकटा पडला नसता, योनालाही घेऊन गेला असता.

“खालच्या गावानं असंच केलं होतं चौसष्ट साली,” एक म्हातारी म्हणाली. “रविवारी सकाळी संत पीटरला दाढीच नव्हती.”

“दाढी गेली तेव्हा कुठे तो माणसासारखा दिसायला लागला,” दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मग कोणी न सांगता चौघीजणी माझ्या बाजूला आल्या आणि पाकळ्या काढू लागल्या. एका दिवसाचं काम वीस मिनिटांत निघालं. एकदा दाबलेली पाकळी परत वापरता येत नाही, चुरगळते. आणि निळं फूल गावात संपलं आहे. उद्या सकाळी लवकर मी आणि फ्रॅनी घरोघर मागत फिरणार आहोत. माझ्या चुकीसाठी तिला का नेते ते विचारू नकोस. तीच येते म्हणाली.

मी एवढं नीट केलं होतं, मॉरीन. एकही पाकळी वाकडी नव्हती.

आता दुसरं लिहिते. हे पान मी एकदा फाडलं आणि पुन्हा लिहिते आहे.

शहात्तरच्या ऑगस्टमध्ये तू आमच्या दाराशी आलीस. मी म्हटलं, फ्रॅनी नॉर्मनबरोबर समुद्रावर गेली आहे. तू माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहत होतीस. तू विचारलंस, “खरंच?” मी म्हटलं, “डॉक्टर म्हणतात तिला आता हलवू नये.” डॉक्टरांनी ते तू आजारी होतीस तेव्हा, त्याच्याही दोन वर्षं आधी, म्हटलं होतं. तुला डिस्चार्ज मिळून आठ महिने झाले होते. तुझा कोट नवा होता.

ती वर होती. बाहुलीचे केस धूत होती.

हे तुला ठाऊक असेल असं मला कधीकधी वाटायचं. ठाऊक नसेल तर आता आहे.

एलिनॉर


शुक्रवार, ६ जुलै

मॉरीन,

कालचं पत्र आज सकाळच्या टपालात गेलं. परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. आता घेणार नाही. का ते खाली आहे.

आम्ही सहा वाजता निघालो. दवाने पाय भिजले. सातव्या घरापर्यंत आमच्या टोपलीत जेमतेम बशीभर निळं जमलं होतं. गावाच्या टोकाला मिस्टर वाइल्डगूज राहतात. खाणीत काम करायचे, आता एकटे आहेत. त्यांच्या कुंपणाच्या आत डेल्फिनियम माझ्या डोक्यापेक्षा उंच उभे होते. इतकं निळं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याभोवतीची हवासुद्धा निळसर वाटत होती. फ्रॅनी थांबली आणि तिने माझी बाही धरली.

ते झारी घेऊन बाहेर आले. “बघा, पण हात लावू नका. प्रदर्शनाची आहेत.”

फ्रॅनीने सांगितलं कशाला हवीत ते.

“समुद्राला निळं मंगळवारीच दिलं होतं ना सगळ्यांनी?”

“मावशीनं समुद्र उलटा लावला,” फ्रॅनी म्हणाली.

ते माझ्याकडे बघून इतके हसले की झारी खाली ठेवावी लागली. मग तिला म्हणाले, “तू गावातली दिसत नाहीस. कोणाची गं तू?”

हा प्रश्न मला पाच वर्षं लोक विचारतात. मी तोंड उघडलं. मी नेहमी म्हणते, आमची.

फ्रॅनी माझ्याआधी बोलली. “मी मॉरीनची. ती न्यूकॅसलला असते, हॉस्पिटलच्या लाँड्रीत. चादरींना इस्त्री करायचं मशीन आहे तिच्याकडे, खोलीएवढं. ही माझी मावशी. मी हिच्याकडे राहते.”

शाळेत पत्ता सांगावा तसं सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

“असं होय,” ते म्हणाले. त्यांना ते अगदी साधं वाटलं. खिशातून चाकू काढला आणि फुलं कापायला सुरुवात केली. एकेक दांडा, बुडापासून. फ्रॅनी म्हणाली, “एवढी नकोत, तुमचं प्रदर्शन आहे.” ते म्हणाले, “दर वर्षी दुसरा येतो मी. यंदा येणारच नाही, पहिल्याची मजा जाईल.”

टोपली भरली. फ्रॅनीच्या दोन्ही हातांत दांडे होते, तिचा चेहरा दिसत नव्हता. आम्ही रस्त्याला लागलो. मी दगडी कुंपणावर बसले.

“तुला कोणी सांगितलं?”

फुलांमागून ती म्हणाली, “डब्यातून. शिवणाच्या कपाटातल्या.”

“कधीपासून?”

“सात वर्षांची असल्यापासून. नवीन आलं की वाचते. मग तसंच ठेवते. रिबीनसुद्धा तशीच बांधते.”

तू पाठवलेली तेरा कार्डं, मॉरीन. चार पत्रं. मी ती तिला दिली नाहीत. फेकलीही नाहीत. एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते, आणि आज ते मलाच पुरेसं वाटत नाही.

“मग बोलली का नाहीस?” मी विचारलं.

मधमाशा तिच्या हातांतल्या फुलांवर यायला लागल्या होत्या. ती हलली नाही.

“तू घाबरली असतीस,” ती म्हणाली.

दोन वर्षं, मॉरीन. आमच्या टेबलावर जेवली, आजारी पडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आणि मला भीती वाटू नये म्हणून गप्प राहिली. मी तिला जपते असं मी सगळ्यांना सांगत होते. एवढ्याशा मुलीत एवढी जागा कुठून आली मला कळत नाही. तुझ्याकडून आली असेल. आमच्याकडून नाही.

मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “हो. पण चल, पाकळ्या कोमेजतील.”

आम्ही दोघींनी दुपारी तीनपर्यंत समुद्र लावला. खालून वर.

एलिनॉर


रविवार, ८ जुलै

प्रिय मॉरीन,

काल सकाळी मासा उभा केला. बारा पुरुषांनी दोर लावून फळ्या झऱ्यामागच्या चौकटीत चढवल्या. पाच दिवस आम्ही त्याच्यावर वाकलो होतो, नाकाजवळ फक्त पाकळ्या दिसायच्या. तो उभा राहिला तेव्हा त्याला घडवणाऱ्या बायकाच दोन पावलं मागे सरल्या. करड्या दगडफुलांची पाठ, भोपळ्याच्या बियांचे दात, आणि फ्रॅनीचा डोळा. त्या डोळ्यात तिने मधोमध एकच पांढरी पाकळी ठेवली आहे. चित्रात ती नव्हती. मिसेस बॅगशॉंनी ती पाहिली होती आणि काही म्हणाल्या नव्हत्या.

पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली आणि पाऊस आला. कोणी हललं नाही. छत्र्याही कोणी उघडल्या नाहीत. सगळं गाव वर बघत उभं राहिलं. पाणी माशाच्या पाठीवरून उतरलं, पोटावर आलं, समुद्रात आलं, माझ्या लाटेवरून पाकळी-पाकळी करत खाली गेलं आणि झऱ्याच्या पाण्यात पडलं. काही सुटलं नाही. पाऊस पडत होता आणि समुद्र चमकत होता. मिस्टर वाइल्डगूजनी टोपी काढली. चर्चमध्ये मी कधी असं उभी राहिलेली नाही. नॉर्मनने माझा हात धरला होता. त्याने लोकांसमोर हात धरला ते आमच्या लग्नात, आणि नंतर काल.

कॉटेजवर परतलो तर तुझं पाकीट आलं होतं.

आत कागद. फुलीवर सही. खाली साक्षीदाराची. एक ओळसुद्धा नाही. सहीची तारीख मंगळवारची आहे. म्हणजे दार, डबा, यातलं काहीही मी लिहिण्याआधी तू सही केली होतीस. मी मागितलं आणि तू दिलंस.

पाच वर्षं मी या कागदाची वाट पाहिली. मी तो हातात घेऊन उभी होते आणि मला आनंद शोधावा लागला.

मी तो फ्रॅनीला दाखवला. या वेळी लपवला नाही. तिने तो सावकाश वाचला. सही बराच वेळ पाहिली.

“म्हणजे ती येणार नाही?”

“तसं यात लिहिलेलं नाही,” नॉर्मन म्हणाला. तो खुर्चीतून उठून आला होता. “एलिनॉरनं सही मागितली, तिनं सही पाठवली.”

फ्रॅनीने कागद घडीवर घडी घालून मला परत दिला.

“मग आता दुसरं काहीतरी माग की तिच्याकडे,” ती म्हणाली.

म्हणून मागते. तू इथे ये. रेल्वेने बक्स्टनपर्यंत, तिथून अकराची आणि दोनची बस आहे, ती झऱ्यापाशीच थांबते. मासा शुक्रवारपर्यंत नक्की राहील असं मिसेस बॅगशॉ म्हणतात. त्यांना मी सांगितलं, कदाचित माझी बहीण येईल. त्या म्हणाल्या, “पलंग हवा का? हात चांगले असतील तर पुढच्या वर्षीही बोलवा.” वरच्या खोलीत जागा आहे.

तो कागद मी फाडलेला नाही. तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही, म्हणून सांगते. पर्समध्ये आहे. तू आल्यावर आपण तिघी बसून त्याचं काय करायचं ते ठरवू. नॉर्मन म्हणतो चौघं. चौघं.

आणि ती तुझ्याबरोबर जाते म्हणाली, तर मी तिची बॅग भरून देईन. हे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून आतापर्यंत वेळ लागला. चहा तीनदा गार झाला. फ्रॅनी समोर बसून वाटाणे सोलते आहे आणि मध्येमध्ये पाकिटाकडे बघते आहे. तिला ते स्वतः पेटीत टाकायचं आहे.

मला भीती वाटते, मॉरीन. तरी ये.

एलिनॉर